चारनंतरची पाटी

शिंपीणमावशींना सगळी गल्ली मावशीच म्हणायची. मशीन खडखडत असलं, तोंडात टाचण्या असल्या, तरी आल्या-गेल्याशी त्यांच्या गप्पा चालूच. "वेळ नाही" हे शब्द त्यांना माहीतच नव्हते. मात्र चारच्या ठोक्याला दारावर पाटी लागायची, 'बिझी आहे'. मग कडी वाजवायची कुणाची छाती नव्हती.

नव्या सुनेला वाटलं, बिचाऱ्या तेव्हा एकट्याच ढीग उपसत असतील. हात लावावा म्हणून ती मागच्या दाराने आत गेली. पाहते तर मशीनवर चादर, आणि सासू-सासरे कॅरमवर हमरीतुमरीवर आलेले.

"अहो, राणी माझी होती!"

"आई, पाटी तर बिझीची आहे!" सून खुदकन हसली.

"मग, रिकामी दिसते का मी?" मावशी कडाडल्या. "शिवताना दहा जण बोलले तरी माझी शिवण सुटत नाही. इथे नजर हलली, की हे सोंगटी ढापतात! बस, आणि यांच्या हातांवर लक्ष ठेव."

दुसऱ्या दिवशी चारला पाटी लावायला सूनच धावली. खडूने तिने ती नव्याने लिहिली होती, 'तिघंही बिझी आहोत'.