चावीवाल्याचं पात्र

भीमराव ओव्हाळ महापालिकेत चावीवाले होते. विश्रांतवाडीच्या गल्ल्यांमधले पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे त्यांनी चौतीस वर्षं केलं. निवृत्तीनंतर दुपार जाता जात नसे.

मुलगी दीपाली खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. दर रविवारी दुपारी तिचे ऑफिसातले मित्र, तेजस आणि उत्कर्षा, घरी येऊन एक खेळ खेळत. दीपाली भुताखेतांची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि पात्राला काय जमलं, काय नाही ते फासे ठरवायचे. तेजस मांत्रिक होता. उत्कर्षा रात्री लांडगीण व्हायची.

एकदा चहा ठेवताना भीमरावांनी टेबलावरचा एक कागद उचलला. ‘सामान्य माणूस. ताकद दोन, बुद्धी दोन, धैर्य दोन.’

“सगळ्या सामान्य माणसांना मिळून हे एकच पान?”

“पप्पा, ते नुसते गर्दीतले लोक. भूत आलं की ओरडतात, पळतात.”

“असं होय,” भीमराव म्हणाले. त्यांना कुठेतरी लागलं होतं. खुर्ची ओढून ते बसलेच. “मग मला यातलाच एक द्या.”

“काका, शक्ती काय घेणार?” तेजसने विचारलं.

“शक्ती कसली? चावीवाला आहे. कुठल्या घरात कोण राहतं ते मला ठाऊक असतं, एवढं लिही.”

दीपालीने हसत लिहून घेतलं.

त्या दिवशीच्या गोष्टीत कोथरूडच्या एका सोसायटीत टाकीतून काहीतरी वर आलं आणि जिन्यातलं पाणी चढू लागलं. तेजसचा मंत्र फुकट गेला. उत्कर्षा लांडगीण होऊन त्या पाण्यावर धावली, तर तिचेही फासे उलटे पडले. भीमराव मात्र दारं वाजवत सुटले. पहिल्या मजल्यावरच्या बाळंतिणीला आधी काढलं, मग दुसऱ्यावरच्या जोडप्याला.

“तिसऱ्यावर कोणी नाही,” दीपाली म्हणाली.

“आहे. एक यमुनाबाई असणार. ऐकू येत नाही त्यांना, दार वाजवून उपयोग नाही. मागच्या खिडकीतून हात हलवावा लागतो. आमच्या गल्लीत होत्या तशा.”

कागदावर असं कोणीच नव्हतं. “बरं, आहेत,” ती म्हणाली. “टाका फासे.”

म्हातारी वाचली. उतरताना पुढचे फासे वाईट पडले आणि चावीवाला पाण्यात गेला.

उत्कर्षाने फासे उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिले. “काका, अजून एकदा टाका ना.”

“कशाला? नियम तो नियम. चहा गार होतोय.”

त्या आठवड्यात दीपालीने सामान्य माणसांचं ते पान फाडलं. नव्या पानावर आकडे कमी आणि प्रश्न जास्त होते: हा सकाळी उठून काय करतो? याला काय माहीत आहे, जे दुसऱ्या कोणाला नाही? घरी याची वाट कोण बघतं? तिने ते वडिलांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं आणि खाली स्वतःचा एक प्रश्न घातला: हा कोणाला घाबरतो?

पुढच्या रविवारी उत्कर्षाने लांडगीण सोडली. तिला पीएमपी बसची कंडक्टर व्हायचं होतं. कंडक्टरबाई गर्दीत सुट्टे कसे सांभाळते, हे भीमराव तिला अर्धा तास समजावत बसले आणि त्या दिवशी खेळ सुरू व्हायलाच साडेचार वाजले.