डाव्या हाताचा ग

बाईंच्या वर्गातल्या कपाटाला दोन कप्पे होते. वरच्यात दुरेघी वह्या, खालच्यात वाळूचे ट्रे. बावीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची तीन वर्षं बाई या दोन कप्प्यांच्या मध्ये अडकून पडल्या होत्या.

वह्या मोठ्या बाईंच्या. बालवाडी त्यांनीच काढलेली, आणि मुलाला गमभन लिहिता आलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. वाळू त्यांच्या सुनेची. ती नवं प्रशिक्षण घेऊन आलेली. मूल खेळता खेळता शिकतं, सहा वर्षांपर्यंत पेन्सिल नको, म्हणायची. दोघी एकाच घरात गुण्यागोविंदाने राहत आणि भांडायला बाईंच्या वर्गात येत.

"काय हो, वह्या कोऱ्या कशा?"

"बाई, परत वह्या काढल्यात तुम्ही?"

बाई दोघींनाही 'हो' म्हणत. जिन्यात काठी वाजली की वह्या बाहेर, सँडल वाजले की वाळू. मुलं एवढी तयार झाली होती की सांगावं लागत नसे. खरं शिकली असतील तर तेवढंच.

अडली ती मोठ्या गटातली मुंगी. जिभेला धार, पण पेन्सिल हातात धरेना. वही कोरी राहिली तर मोठ्या बाई तिला पहिलीत न पाठवता परत लहान गटात बसवणार होत्या. बाईंनी तिला शिकवायला हवं होतं, नाहीतर तिच्यासाठी भांडायला तरी. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. मधल्या सुट्टीत बसून डाव्या हाताने तिच्या वहीची पानंच्या पानं 'ग'ने भरून टाकली. अक्षर अगदी लेकरासारखं थरथरतं आलं.

पालकसभेत ती वही दोघींनीही मिरवली. सासूने वळण लावल्याचा पुरावा म्हणून, सुनेने जबरदस्ती न करताही मूल आपणहून लिहितं याचा.

दुसऱ्या दिवशी काठी आणि सँडल जिन्यात एकदमच वाजले. अर्धी मुलं वह्यांकडे धावली, अर्धी वाळूकडे, आणि कपाटापाशी एकच रेटारेटी झाली.

"मुंगे, फळ्यावर ग काढून दाखव बघू," मोठ्या बाई म्हणाल्या.

"तिला वाटलं तर, आई," सून म्हणाली.

मुंगीने खडू उचलला आणि बाईंच्या डाव्या हातात ठेवला. "बाई, तुम्हीच काढा. तुम्हाला या हाताने येतो ना."

"काढा," मोठ्या बाई म्हणाल्या.

बाईंनी काढला. तोच ग, तोच कललेला काना. आता नोकरी जाणार हे कळलं, आणि त्यांना चक्क हलकं वाटलं.

सासूने सुनेकडे पाहिलं, सुनेने सासूकडे. वही तर सगळ्या गावाला दाखवून झालेली.

"वर्ष संपेपर्यंत अशीच भरा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो, मध्येच अक्षर बदलायला नको," सून म्हणाली. तीन वर्षांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

मधल्या सुट्टीत बाई वही उघडून बसल्या. मुंगी डबा घेऊन शेजारी टेकली.

"बाई, आज म ना?"

"हो," बाई म्हणाल्या.