तिकडे पाहायला कोण येणार?

निवृत्तीनंतर वर्षभर देश हिंडायचा, हे आमचं दोघांचं ठरलं होतं. निदान माझं तरी ठरलं होतं. मी बुलढाण्याजवळच्या धाड गावाकडे एका शाळेत खडू झिजवत जन्म काढला, हे ग्रामसेवक होते. गुडघे साथ देतात तोवर आसामपासून कन्याकुमारीपर्यंत जायचं. त्याआधी आरोग्य विमा तेवढा काढायचा होता, कारण यांना बीपी आणि मला शुगर.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बुलढाण्यात विम्याचं काम करते. ती तीन रविवार आमच्या घरी आली आणि यांनी दर वेळी काहीतरी खुसपट काढलं. पहिल्या योजनेत जुन्या आजारांसाठी काही वर्षं थांबावं लागत होतं, ते मलाही पटलं नाही. दुसरीत आधी पदरचे भरा, मग मागत बसा. पण तिसरीत सगळं होतं. पहिल्या दिवसापासून बीपी-शुगर, देशभर दवाखाने, अॅम्ब्युलन्ससुद्धा. तरी हे आपले दवाखान्यांची यादीच चाळत बसलेले. गुवाहाटीचा कसा, विशाखापट्टणमचा केवढा. माझं डोकं फिरलं. वर्षभराचा प्रवास हा माणूस यादीतच उरकणार, असं मी तोंडावर बोलून दाखवलं.

"काका, नेमकं काय अडून राह्यलं?" तिनं विचारलं.

यांनी कागद खाली ठेवला. "दवाखाना हाय, गाडी हाय. पर तिकडे मले पाहाले कोन येईन?"

ती हसली. मला हसू आलं नाही. आमच्याकडे माणूस दवाखान्यात पडला की गाव जीप करून निघतं. कोणी डबा आणतं, कोणी मोसंबी, कोणी नुसतंच येऊन उशाशी उभं राहतं. जो येत नाही, तो वर्षानुवर्षं लक्षात राहतो. यांचा जन्म अशा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेला. परमुलखात एकटं पडून राहायची त्यांना भीती वाटत होती आणि तसं म्हणायची लाज. मला वाईट वाटलं, आणि रागही आला.

कारण मला माझं पिशवीचं ऑपरेशन आठवलं. मी बुलढाण्याला पाच दिवस दवाखान्यात होते. भेटायला इतकी माणसं आली की शेवटी नर्स ओरडली. हे पाचही दिवस बाहेर, कोणाला चहा पाज, कोणाला स्टँडवर सोड. मधूनच दारातून डोकावत, "काही पाह्यजे का?" म्हणत, आणि मी उत्तर देईपर्यंत पुन्हा गायब. हे मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी विद्यार्थिनीसमोरच बोलले.

"माझ्या टायमाले सारा गाव आला. तुमीच नाही आले."

"मी? मी तं पाची दिवस तिथंच होतो!"

"व्हरांड्यात होते, पाव्हन्याइपाशी. तिकडे कोनी येनार नाही, म्हनून तं मले जायचं हाय. बिमार पडलीच, तं तुमी तरी माझ्यापाशी बसान."

विद्यार्थिनी उगाच कागद सारखे करू लागली. यांनी दवाखान्यांच्या यादीची घडी करून ती बाजूला सारली. मला वाटलं, जरा जास्तच बोलले, प्रवासही हातचा गेला.

मग ते तिला म्हणाले, "पोरी, पेशंटच्या खोलीतच नवऱ्याले खाट भेटते का, तेवढं पाह्य. बाहेर बसाचं नाही मले."