टोपणासकट

लसीचा दिवस वर्षातून एकदाच येतो, पण आमच्या स्टाफरूमला त्याचे किस्से वर्षभर पुरतात. पाचवीच्या आणि दहावीच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायला उपकेंद्राच्या सिस्टर शाळेत येतात. शाळा तिसगावच्या अलीकडे, रानातच. संमतीपत्रं गोळा करायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे, म्हणून किस्सेही माझ्याकडेच जमले. चहाच्या वेळी कोणीतरी म्हणतं, "सर, तो म्हशीचा सांगा ना." मी सांगतो. एक मात्र कधीच सांगितला नाही.

*

पाचवीतल्या एका मुलीच्या वडिलांनी संमतीपत्रावर सहीच्या वर लिहिलं होतं, "लस देण्यास हरकत नाही. फक्त डाव्या हाताला द्यावी. उजव्या हाताने कापूस वेचणे आहे."

सिस्टरांनी तिला विचारलं, "आणि डाव्या हातानं काय करतेस गं?"

"डाव्यानं बी येचते," ती हळूच म्हणाली, "पन ते पप्पांना ठाव न्हाई."

*

घटसर्प आमच्याकडे जनावरांनाही होतो आणि पावसाळ्याआधी त्यांनाही लस टोचतात. शाळेत घटसर्पाची लस आली, एवढंच गावात कळलं आणि एक आजोबा म्हैस घेऊन गेटवर हजर!

मी म्हणालो, "बाबा, ही पोरांची लस आहे."

"मंग पोरांची हू द्या. आमी थांबतो. आमाला कुठं घाई हाय?"

दुपारच्या सुट्टीपर्यंत दोघं लिंबाखाली थांबली. निघताना सिस्टर म्हणाल्या, "बाबा, हिचं संमतीपत्र कुठंय?"

"तिचं कशाला पायजे? दावं माझ्या हातात हाय की."

*

हेडसरांनी एकदा माइकवर भाषण केलं. ही लस फक्त मुलांची नाही, मोठ्यांनीही दर दहा वर्षांनी घ्यावी, वगैरे. सिस्टरांनी तिथंच विचारलं, "सर, तुमची शेवटची कधी झाली?"

हेडसरांनी माइक बंद केला. "पाथर्डीला मीटिंग आहे," म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

ती मीटिंग आदल्या दिवशीच झाली होती. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो. मी हसायला नको होतं.

*

कारण मी तरी कुठं घेतली होती?

पाचवीची मुलं रडून गोंधळ घालायची. सिस्टर पहिल्याच वर्षी म्हणाल्या, "सर, आधी तुम्ही खुर्चीत बसा. पोरं बघतील." मला सुईची भीती वाटते, अगदी लहानपणापासून. मी तसं त्यांच्या कानात सांगितलं. त्या हसल्या, हाताचा आडोसा केला आणि सिरिंज टोपणासकट माझ्या दंडाला टेकवली. मी मोठ्यानं म्हणालो, "मुंगी चावली का काय?" पोरं हसली आणि रांगेत उभी राहिली.

मग दरवर्षी तेच. सर पहिली सुई घेतात, तोंडसुद्धा वाकडं करत नाहीत, असं गावात झालं. खरं फक्त माझ्या बायकोला माहीत होतं. ती म्हणायची, "एक दिस शाळंत येऊन टोपण काडते तुमचं."

*

गेल्या वर्षी लसीच्याच दिवशी तिचा फोन आला. गोठ्यातला गंजका पत्रा टाचेत घुसला होता.

"आवो, सिस्टर तुमच्याच शाळंत हायेत ना? येऊ का?"

मी नुकताच खुर्चीतून उठलो होतो. पोरं माझ्याकडे बघत होती. ती आली असती तर हसत हसत सगळ्यांसमोर टोपणाचं बोलली असती.

मी म्हणालो, "इथं गर्दी आहे. हळद भर. उद्या दवाखान्यात जाऊ."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कांदे काढायला बाया आल्या होत्या. टाच दुखत नव्हती. मी पुन्हा विचारलं नाही. आठव्या दिवशी जेवायला बसली तर भाकरी चावायला तिचा जबडा उघडेना. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "जखम झाल्यावर इंजेक्शन का नाही घेतलं?" तिला बोलता येत नव्हतं. मी म्हणालो, "गर्दी होती."

बाराव्या दिवशी ती गेली.

*

यंदा सिस्टर आल्या तेव्हा खुर्ची मांडलेली होती. एका बाजूला पाचवीची रांग, दुसऱ्या बाजूला दहावीची. सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "सर, यंदा राहू द्या."

मी बसलो आणि बाही वर केली. "सिस्टर, टोपण काढा."

त्यांनी टोपण काढलं, लस भरली आणि टोचली. मुंगीचं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. डोळे पुसायला रुमाल शोधत होतो, तोही सापडेना.

दहावीच्या रांगेत ती कापसाची मुलगी सगळ्यात पुढे होती. ती म्हणाली, "सर, आमी पाचवीत हुतो तवा तुमी मुंगी म्हनला हुता. लई दुखतं का?"

"हो," मी म्हणालो. "दुखतं."

पाचवीची रांग दोन पावलं मागं सरकली. मी उठलो. ती खुर्चीत येऊन बसली, डाव्या हाताची बाही वर केली आणि सिस्टरांना म्हणाली, "मला बी टोपण काडूनच द्या."