बाबांच्या घड्याळाची खोड

आमच्या घरात जेवढे हात आहेत त्याच्या चौपट घड्याळं आहेत. हे वाक्य बायकोचं. सगळी चावीची, जुनी किंवा जुन्यासारखी दिसणारी. काही चिखलीच्या बाजारात मिळाली, काही खामगावच्या मोडीच्या दुकानात, एक तर पिंपळगाव राजाला मावशीच्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली दडलेलं होतं. एखाद्याचं मशीन चांगलं पण डायल डागाळलेली, दुसऱ्याची डायल सुरेख पण मशीन गेलेलं, मग मी दोघांचा संसार लावून देतो. निळे काटे बसवतो, फुगीर काच टाकतो, चामड्याचा पट्टा घालतो. कॉलेजातल्या प्रयोगशाळेची नोकरी आटोपून घरी आलो आणि डोळ्याला भिंग लावून बसलो की मला जेवायला बोलावणं हे घरातल्यांना वेगळं काम होऊन बसतं. चांगल्या चाललेल्या वस्तूलाही हात लावल्याशिवाय मला राहवत नाही. मी याला छंद म्हणतो, बायको आजार म्हणते.

बाबांच्या घड्याळाला मात्र हात लावायची बंदी होती. बाबा शाळेत शिपाई होते आणि नोकरीभर त्याच घड्याळावर त्यांनी घंटा दिली. ते रोज दोनेक मिनिटं पुढे पळायचं. दर रविवारी विहारातून वंदना करून आले की बाबा ते रेडिओच्या बातम्यांवर लावायचे आणि मग आठवडाभर मनातल्या मनात वजाबाकी करायचे. सोमवारी दोन मिनिटं कमी, मंगळवारी चार, असं करत शनिवारपर्यंत बारा. बोटं मोजावी लागत नसत, नुसती मनगटावर नजर गेली की खरी वेळ तोंडात तयार. मी कितीदा म्हटलं, द्या, नीट करून देतो. त्यावर ते म्हणायचे की या घडीची खोड मला माहीत आहे, तू तुझं भंगार बघ.

मागच्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात आत जाताना त्यांनी घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, सांभाळ म्हणाले. सांभाळ म्हणजे उघडून बघ, असं काही ते म्हणाले नव्हते. मी त्याच संध्याकाळी मागचं झाकण काढलं. आत वेग कमीजास्त करायची एक बारीक पट्टी असते, चिमट्याच्या टोकाने ती केसभर सरकवायची. टिकटिक ऐकून घड्याळ किती पळतं ते सांगणारं ॲप मोबाइलवर आहे. त्यावर बघत बघत मी त्या घड्याळाला सुतासारखं सरळ केलं. मग फोटो काढून आमच्या घड्याळवेड्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, वडिलांचं घड्याळ, आता अचूक. लोकांनी शाबासकीचे अंगठे पाठवले, मी फुगलो. बाबांना मात्र सांगितलं नाही. ते रागावले असते, आणि मला माझं कौतुक नासवायचं नव्हतं.

घरात बाबांकडे एक काम होतं आणि ते त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. दुपारी नातीला शाळेच्या गाडीतून उतरवून घ्यायचं. गाडी फाट्यावर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे थांबते. डोळा बरा झाल्यावर त्यांनी ते काम पुन्हा अंगावर घेतलं. पहिल्याच आठवड्याच्या शेवटी ते पोचले तेव्हा पोरगी फाट्यावर एकटी उभी होती. आज गाडी लवकर आली, असं बाबांनी घरी सांगितलं. पुढच्या आठवड्यात, पुन्हा शेवटी शेवटीच, ती वाट बघून कंटाळली आणि कापसाच्या गाड्यांमधून एकटीच रस्ता ओलांडून निघाली. बाबा समोरून धावत येत होते. घरी आल्यावर त्यांनी पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला.

बायको त्यांना एका शब्दाने बोलली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली की मामाजींना हल्ली विसर पडायला लागलाय. मी मान डोलावली. खरं सांगतो, घड्याळ माझ्या मनातही आलं नाही. मनात आले ते मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचं डोकं शेवटी शेवटी असंच रिकामं होत गेलं होतं. गावातल्या गावात घर सापडायचं नाही, आणि बाबा भेटायला गेले की त्यांनाच ते कोण म्हणून विचारायचे. बाबांनाही तेच आठवत असणार, कारण त्या दिवसापासून ते बोलायचे कमी झाले.

त्यानंतरच्या रविवारी मी चहा घेत त्यांच्याजवळ बसलो होतो. रेडिओवर बातम्यांची वेळ झाली. बाबांनी चावी बाहेर ओढली, काट्यांकडे पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. घड्याळ बरोबर होतं. त्यांनी ते कानाशी नेलं, पुन्हा पाहिलं.

"मघाच लावली असन म्या," ते हळूच म्हणाले. "याद नाही राह्यली."

आणि चावी परत आत दाबली.

आता मला उलगडलं. घड्याळ पुढे पळायचं थांबलं होतं आणि बाबा अजून वजाबाकी करत होते. सोमवारी ती कळत नव्हती, आठवड्याच्या शेवटी मात्र ते दहा-बारा मिनिटं उशिरा घरातून निघत होते. वर दर रविवारी घड्याळ बरोबर निघायचं आणि बाबांना वाटायचं, आपणच ते आधी लावलं आणि विसरलो. मी जे नीट केलं होतं त्याची किंमत त्यांचं डोकं भरत होतं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी भेकडासारखा कपात बघत बसलो. मनात म्हटलं, रात्री गुपचूप पट्टी परत सरकवून टाकू, कुणाला कळायचं नाही.

पण त्याआधीच, जेवताना, बाबांनी सुनेला सांगितलं, "उद्यापासून पोरीले तुमच्यापैकी कोनीतरी आनत जा. माह्या डोक्याचा भरवसा नाही राह्यला."

मग मात्र मी सगळं बोललो. ताटावरून उठून घड्याळाचं झाकण त्यांच्यासमोर उघडलं, ती पट्टी दाखवली, होती तिथे परत सरकवली. ग्रुपवरचा फोटो दाखवला. चूक माझी आहे, तुमचं डोकं ठणठणीत आहे, असं दोन-तीनदा म्हणालो. माझा आवाज चढला होता. बायको माझ्याकडे अशी बघत होती की त्या नजरेपेक्षा तिने ताट फेकलं असतं तर बरं झालं असतं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"दादाले मी बी असंच सांगत होतो," ते मोठेबाबांची आठवण काढून म्हणाले. "त्याची काठी हरपली त म्हनो, म्याच लपवली. चुल्हा चालू राह्यला त म्हनो, म्याच ठेवला. त्याले बरं वाटे."

"बाबा, मी खोटं नाही बोलून राह्यलो. पोरीची शपथ."

"शपथ बी घेतली होती म्या."

आणि मला जेवायला बसवलं. वर भाकरी वाढायला सांगितली. माझ्यावर रागावण्याइतकाही विश्वास त्यांनी माझ्यावर ठेवला नाही, आणि मला तर तो राग हवा होता.

घड्याळ आता पूर्वीसारखंच पळतं. बाबा सकाळी चावी देतात, हातात घालतात. नातीला बायको आणते, नाहीतर शेजारीण. गाडीची वेळ जवळ आली की बाबा फाटकाशी येऊन उभे राहतात आणि मनगटावर घड्याळ असून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारतात. परवा मला सुट्टी होती, तेव्हा मलाही विचारली. मी सांगितली. ते बरं म्हणाले, आणि मी आत वळलो तसं त्यांनी रस्त्याने चाललेल्या भाजीवाल्याला थांबवून तीच वेळ पुन्हा विचारून घेतली.