ज्या रेडिओसाठी नवरदेव रुसला

जुना रेडिओ उघडला की त्यातून आवाज निघेलच याची गॅरंटी नाही, पण किस्से मात्र निघतातच! आमचे तर इतके साचलेत की कोणी नुसतं "कसं काय?" विचारलं तरी मी रेडिओवर येते. घरचे एकेक करून उठून जातात. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

आधी मंडळी सांगते. मी अकोल्यात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले. शेजारी विलासभाऊ, कापसाच्या जिनिंगमधले जुने फिटर, जिभेला हाड नाही. त्यांच्या बायको पुष्पावहिनी. आणि माझा मावसभाऊ गजू, अमरावतीचा. मोबाईलवर व्हिडिओ पाहून जगातली कुठलीही वस्तू दुरुस्त करता येते, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. या रेडिओआधी आमच्यापैकी एकानेही ट्रान्झिस्टर आतून पाहिलेला नव्हता.

रेडिओ विलासभाऊंच्या लग्नातला. आपल्याकडे नवरदेव पंगतीत रुसून बसतो ना, काही मिळाल्याशिवाय घास उचलत नाही, तसे हे रेडिओसाठी रुसले होते. सासऱ्यांची बाळापूरकडे भाजी-फुलांची वाडी. त्यांनी रेडिओ आणून दिला, मग नवरदेव जेवला. तेव्हापासून सासरे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "जवाईबापू, रेडिओ चालते ना?" आणि भाऊंचं उत्तरही ठरलेलं, "मस्त चालते, मामाजी!"

रेडिओ मात्र माळ्यावर, ठार मुका.

आता सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अकोल्यात ठरलं आणि मुक्काम जावयाकडे. भाऊ रेडिओ छातीशी धरून माझ्या ओसरीत हजर.

"ताई, इज्जतीचा सवाल हाय! ऑपरेशन झाल्यावर टीव्ही बंद, मोबाईल बंद. मंग बुढा काय मांगन? रेडिओच मांगन नं! नव्वदीच्या मानसासमोर मी खोटा पडलो, तं कोन्त्या तोंडानं त्याले जेवाले वाढू?"

मी म्हटलं, "भाऊ, काळजी करू नका, विज्ञान आहे." हे मी का म्हटलं, मलाच माहीत नाही!

*

गजूला अमरावतीहून बोलावून घेतलं आणि मागचं झाकण काढलं. आत जुने सेल फुटून पत्र्यांवर हिरवट थर चढला होता. गजूने व्हिडिओ पाहून सांगितलं, "लिंबू घासा, साफ होते." भाऊ रेडिओ घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पावहिनी कुंपणापलीकडून ओरडल्या, "ताई, या पाहाले! तुमच्या रेडिओले मुंग्या लागल्या!"

जाऊन पाहते तर काय, घरात लिंबू नव्हतं म्हणून भाऊंनी गोड लोणच्याची फोड घासली होती! वर भाऊच तोऱ्यात, "लोनच्यात लिंबूच असते नं?"

वहिनींचं दुःख वेगळंच होतं. "येवढी मुरलेली फोड! खाले मांगतली असती तं मी देली नसती!"

*

आता माझी फजिती. ती लपवून कशी चालेल?

गजूने नवीन कपॅसिटर आणले. टपोऱ्या गोळीएवढी वस्तू, पण तिला प्लस-मायनसची बाजू असते. मी गजूच्या हातातून सोल्डरिंगची कावी ओढून घेतली. म्हटलं, "सरक, हा माझा विषय आहे." डाग दिला, सेल टाकले, बटण फिरवलं.

फट्ट!

धूर आणि असा वास की समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी तो उलटा बसवला होता! जन्मभर पोरींना प्लस-मायनस शिकवलं, उलटं लिहिलं की मार्क कापले. गजू तोंड दाबून अंगणात गेला. भाऊंनी मात्र खांद्यावरचा गमछा माझ्याकडे हलवत वारा घातला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या पोरी पास कशा झाल्या बाप्पा?"

*

सगळ्यात मोठा पराक्रम भाऊंचाच.

रेडिओच्या आत चौकोनी डब्यांच्या टोकांना बारीक रंगीत स्क्रू असतात. ते कसण्यासाठी नसतातच. एकेक स्क्रू केसभर फिरवून स्टेशन नीट लावलेलं असतं. हे आम्हाला कधी कळलं? नंतर!

गजूने दुसरा कपॅसिटर सुलटा बसवला आणि आम्ही दोघं चहाला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा भाऊ प्रसन्न चेहऱ्याने हात पुसत होते. "सापडला फॉल्ट! सारे स्क्रू ढिले होते. कसून टाकले!"

गजूने रेडिओत डोकावून पाहिलं. "भाऊ... सारे?"

"एक नाही सोडला! जिनिंगमध्ये ढिल्ला नट सोडला तं मानसाचा हात जाते, गजूभाऊ. मायाच्यानं ढिलं पाहवत नाही."

गजू त्या दिवशी जेवला नाही. अमरावतीला जाताना स्टेशनवर मला म्हणाला, "ताई, त्याईच्या हातात पेचकस देऊ नको, चमचा देजो फक्त."

*

सासरे यायला थोडेच दिवस उरले होते. भाऊंचा चेहरा उतरला. दिवसातून दहादा ओसरीत डोकावायचे आणि परत फिरायचे. मला खरंच वाईट वाटायला लागलं. फटकळ माणूस गप्प झाला की घर सुनं वाटतं.

अशात एका दुपारी रेडिओ गरजला. खर्रर्रर्र! आम्ही उड्या मारल्या. भाऊंनी हनुमानाच्या देवळात नारळ फोडला, पेढे आणले, गल्लीत वाटले. परत येऊन बसतो तो आवाज बंद.

पुन्हा खर्रर्र. पुन्हा बंद.

तेवढ्यात वहिनी कुंपणापलीकडून डोकावल्या, हाताला शेंगदाण्याचं कूट. "कायचे पेढे जी?"

त्या मिक्सर फिरवायच्या तेव्हा रेडिओ बोलायचा, मिक्सर थांबला की तोही थांबायचा! भाऊंनी पेढ्याचा रिकामा डबा उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "आता पेढे वापस मांगता येते काय?"

*

पण त्या खरखरीने एक गोष्ट कळली, रेडिओत जीव होता! अडचण स्टेशन पकडण्याची होती. गजू सुट्टी टाकून आला. लोखंडी पेचकस लावला तर स्टेशन पळतं, म्हणून माझी विणायची प्लास्टिकची सुई घासून तिचं टोक चपटं केलं आणि भाऊंनी कसलेले स्क्रू तो कानाने अंदाज घेत ढिले करायला लागला. पण गल्लीभर एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर. नुसती खरखर.

आणि मग लाईट गेली.

गल्ली गपगार झाली. कूलर थांबले. आणि त्या शांततेत रेडिओतून एक बाई स्पष्ट आवाजात कपाशीवरच्या फवारणीची माहिती सांगायला लागली! गजूने दोन बोटांनी सुई धरली होती, तो श्वास घ्यायलाही तयार नव्हता. आणखी केसभर फिरवलं, आवाज घराबाहेर जायला लागला.

शेजारचे ओट्यावर येऊन वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होते. आणि विलासभाऊ हात जोडून म्हणत होते, "देवा, आज येऊ नको देऊ लाईट!"

*

सासऱ्यांचं ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि गजू भाऊंकडे गेलो. म्हातारबा काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. भाऊंनी घरातले सगळे दिवे आधीच बंद करून ठेवले होते. वहिनींना मिक्सरची शपथ घातली होती.

म्हातारबांनी विचारलंच, "जवाईबापू, रेडिओ चालते ना?"

"मस्त चालते, मामाजी!" भाऊंनी बटण फिरवलं.

बाजारभाव लागले होते. सोयाबीन, तूर, हरभरा. आवाज खणखणीत. गजूने माझा हात दाबला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला सांगू!

म्हातारबा मात्र ताठ झाले. त्यांनी रेडिओ मांडीवर घेतला, कडांवरून हात फिरवला, कानाला लावला.

"हा थोच हाय काय? लग्नातला?"

"थोच, मामाजी."

"मंग चालते कसा?" म्हातारबा म्हणाले. "थो दुकानदार मले म्हणे, याच्यात जीव नाही, नुसता डब्बा हाय, पोराची समजूत काढाले घेऊन जा. माही ऐपत थेवढीच होती, बाप्पा. मंडपात नवरदेव उपाशी बसला होता."

पुष्पावहिनी चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या. भाऊ खाली मान घालून उभे.

"मले त्याच दिवशी समजलं होतं, मामाजी. सेल टाकून पाह्यले होते."

"मंग दरखेपी 'मस्त चालते' काहून सांगत होते तुमी?"

भाऊंनी रेडिओचा आवाज जरा कमी केला.

"अन् तुमी दरखेपी काहून इचारत होते?"