डब्याच्या बुडावरची तारीख

अमेरिकेतल्या डुलुथमध्ये वेंडेल कोस्केलासमोर बिअरचा डबा सरळ उघडायची सोय नाही. आधी तो उलटा करून बुडावरची, बिअर भरल्याची तारीख बघायची. तीन महिन्यांवर गेलेली हॉप्सवाली, म्हणजे हॉप्सच्या कडवट, वासाच्या फुलांची बिअर पिताना कुणी दिसला, की वेंडेल त्याची बिनपाण्याने करतो. "हॉप्सचा वास पावासारखा असतो, ताजा तोच खरा!" बिअरची छोटीशी भट्टी त्याची. मी, डार्ला, तिथे एकोणीस वर्षं आहे. टाक्या धुण्यापासून सुरुवात केली, आता बिअर बनवायला त्याच्या हाताखाली असते.

परवा तो स्वीडनला लेकीकडे जाऊन आला आणि आल्या आल्या बॅगेतून मोज्यात गुंडाळलेला आमचाच डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"तिथल्या दुकानात दोन मिळाले. तारीख बघ."

सात महिने झाले होते.

"एक मी प्यायलो," तो म्हणाला. "अगदी इथल्यासारखी लागली! समुद्र ओलांडून गेलेली, गोदामात पडलेली, ती मेलेलीच हवी की नाही? विमानात मला झोप नाही, डार्ला. काहीतरी चुकतंय, पण काय ते कळेना."

त्याने दोन ग्लास भरले. एकात टाकीतली ताजी, दुसऱ्यात डब्यातली. मी हुंगले. पहिल्यात ग्रेपफ्रूट आणि पाइनचा चीक, दुसऱ्यात भिजलेला पुठ्ठा. रस्त्यावरच्या कुणालाही कळलं असतं.

"सारख्याच ना?"

मी हो म्हणावं म्हणून तो आशेने बघत होता.

"नाहीत, वेंडेल."

तो पुन्हा पुन्हा दोन्ही ग्लासांत नाक खुपसत राहिला.

"हिवाळ्यात तुला ताप आला होता ना?" मी म्हणाले. "तेव्हापासून तुला वास येत नाही, आणि दर घाण्याला तू हॉप्स वाढवतोयस. तुझी पाठ वळली की मी जास्तीचे काढून ठेवते."

"म्हणजे इतके महिने बिअर तू करतेयस?"

"हो."

"आणि गिऱ्हाइकं?"

"खूश आहेत."

"हे तर त्याहून वाईट!" तो ओरडला. मग हसला. हसावं की रडावं हे त्याला कळत नव्हतं, आणि मलाही.

मग त्याने ताजा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"हुंग. मला सांग."

"ग्रेपफ्रूट."

"एवढ्यावर सोडू नकोस गं. सालीचा वास, की गराचा?"

"सालीचा," मी म्हणाले. त्याने डोळे मिटून मान हलवली. "अजून सांग."